थुंकीत जंतू दिसले म्हणजे क्षयच असे नाही

क्षयाच्या जंतूचे भाऊबंद, म्हणजे नॉन-ट्युबरक्युलस मायकोबॅक्टेरिया, माती-पाण्यात सर्वत्र असतात आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना गाठतात. त्यांच्याविषयी ठाणे-नवी मुंबईतून तेच गैरसमज पुन्हा पुन्हा येत असल्याने ही उत्तरे.

प्रश्न (वागळे इस्टेट): मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या वडिलांना हा संसर्ग आहे. नातवंडांना लागण होईल का?

उत्तर: सहसा होत नाही, मात्र क्षय नाही हे डॉक्टरांनी निश्चित सांगेपर्यंत वडिलांनी मास्क वापरावा.

प्रश्न (ऐरोली): संधिवातासाठी स्टिरॉइड घेणाऱ्या आईच्या थुंकीत जंतू दिसले, सीबीनॅट ही जनुकीय चाचणी निगेटिव्ह आली. तरी क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिने झाले, खोकला तसाच आहे.

उत्तर: हा प्रश्न तीन महिन्यांपूर्वीच विचारला जायला हवा होता. सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचा जंतू आणि हे जंतू सारखेच दिसतात, तर सीबीनॅट केवळ क्षयाचा जंतू ओळखते. त्यामुळे ज्या दिवशी दोन्ही अहवाल परस्परविरुद्ध आले, त्याच दिवशी कल्चर (नमुन्यातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे) करून जंतूची जात ठरवायला हवी होती. कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागतो म्हणून ते टाळण्याची सवय मला मुळीच मान्य नाही, कारण या जंतूंपैकी ॲबसेसस जातीवर क्षयाच्या नेहमीच्या गोळ्या चालत नाहीत आणि एव्हियम गटासाठी ॲझिथ्रोमायसिन, एथॅम्ब्युटॉल व रिफॅम्पिसिन एकत्र, तेही कल्चर निगेटिव्ह झाल्यावर पुढे वर्षभर, द्यावे लागते. उलट एका नमुन्यात जंतू सापडल्याने आजारही सिद्ध होत नाही, कारण नळाच्या पाण्यातूनही तो नमुन्यात येऊ शकतो. म्हणून थुंकीचे किमान दोन वेगवेगळे नमुने आणि छातीचा सीटी स्कॅन हवा. गोळ्या किंवा स्टिरॉइड आपल्या मनाने बंद करू नका. सर्व अहवाल घेऊन याच आठवड्यात छातीरोगतज्ज्ञांना भेटा आणि संधिवाताच्या डॉक्टरांनाही कळवा.

प्रश्न (नेरुळ): हे जंतू शंभर टक्के मारतो असे सांगून विकला जाणारा फिल्टर घ्यावा का?

उत्तर: त्या दाव्यावर विसंबून घेऊ नये. हे जंतू क्लोरीनला सहज दाद देत नाहीत आणि फिल्टरच्या आतही थर धरून वाढू शकतात, हे विक्रेता सांगत नाही. नेब्युलायझरमध्ये मात्र नळाचे पाणी कधीही घालू नका.

प्रश्न (कळवा): मला एचआयव्ही आहे, सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) चाळीस आहे. ओळखीच्यांनी सुचवल्याप्रमाणे आठवड्यातून एकदा ॲझिथ्रोमायसिन घेऊ का?

उत्तर: सांगोवांगी घेऊ नका. सीडी-४ ५० च्या खाली गेल्यावर एव्हियमचा संसर्ग शरीरभर पसरण्याची भीती खरी आहे. पण तो आधीच दडलेला असेल, तर एकट्या औषधाला जंतू निर्ढावतो आणि उपचारातले मुख्य औषधच निकामी होते. खरे संरक्षण नियमित एआरटीचे, म्हणजे एचआयव्हीवरील औषधांचे, आहे. ताप, रात्रीचा घाम, जुलाब किंवा वजन घटणे यांपैकी काहीही असल्यास उद्याच एआरटी केंद्रात जाऊन सांगा.