प्रोग्रामनं स्वतःची लॉग फाईल स्वतःच रोटेट करावी का?

परभणीच्या तुमच्या जिनिंगमध्ये वजनकाट्याचा प्रोग्राम सर्व्हरवर सतत चालू असतो. लॉगनं, म्हणजे प्रोग्राम लिहीत असलेल्या नोंदींच्या फाईलनं, डिस्क भरली, फाईल डिलीट केली तरी जागा सुटली नाही, म्हणून रोटेशनचा (जुनी लॉग फाईल बाजूला ठेवून नवी सुरू करण्याचा) कोड प्रोग्राममध्येच लिहावा का, असं तुम्ही विचारलंय. लिहू नका. प्रोग्रामनं लॉग लिहावा आणि सांगितल्यावर फाईल नव्यानं उघडावी. बाकीचं लॉगरोटेट हा लिनक्समधला तयार प्रोग्राम बघेल.

जागा का सुटली नाही, तर तुम्ही फक्त फाईलचं नाव काढलंत. प्रोग्रामनं ती उघडी धरलीय, तोवर लिनक्स जागा सोडत नाही. डिस्क किती भरली ते सांगणारी डीएफ कमांड ती भरलेली दाखवते, फाईलींचे आकार मोजणाऱ्या डीयूची बेरीज मात्र कमी येते. उघड्या फाईली दाखवणारी एलएसओएफ कमांड चालवा, त्या फाईलपुढं 'डिलीटेड' दिसेल. प्रोग्राम रीस्टार्ट केला की जागा मोकळी.

रोटेशनमध्येही हेच नडतं. लॉगरोटेट जुन्या फाईलचं नाव बदलतं, पण प्रोग्राम तिच्यातच लिहीत राहतो. म्हणून सिगहप सिग्नल (चालू प्रोग्रामला बाहेरून दिलेली सूचना) आला की जुनी बंद करून मूळ नावानं नवी उघडायची, एवढा कोड तुमच्याकडं हवाच. सिग्नल लॉगरोटेटच्या सेटिंगमधल्या पोस्टरोटेट भागातून पाठवा, तो नाव बदलल्यावर चालतो. सोबत कॉम्प्रेस पुढच्या रोटेशनपर्यंत लांबवणारं डिलेकॉम्प्रेसही घाला, नाहीतर प्रोग्राम अजून लिहीत असलेली फाईलच कॉम्प्रेस व्हायला घेतली जाईल.

कोडला हात लावता येत नसेल तरच कॉपीट्रंकेट, म्हणजे फाईलची कॉपी काढून मूळ फाईल रिकामी करणं. त्यात कॉपी झाल्यावर आणि फाईल रिकामी होण्याआधी आलेल्या ओळी जातात. मी नांदेडच्या मोंढ्यातल्या अडत दुकानांचे सर्व्हर बघतो. तिथं लॉगमधली एक ओळ म्हणजे एका शेतकऱ्याची गाडी: भरलं वजन, रिकामं वजन, वेळ. पावतीवरून वाद झाला की तीच ओळ शोधतात. ती हरवलेली मला चालत नाही, तुम्हालाही चालू नये.

लॉगरोटेट बहुतेक ठिकाणी दिवसातून एकदाच चालतं. आकाराची मर्यादा म्हणून मॅक्ससाईज लिहिलं तरी तपासणी तेव्हाच होते. कापसाच्या हंगामात काट्याची केबल निसटून प्रोग्राम एकच एरर लिहीत सुटला, तर दुसऱ्या दिवसाआधीच डिस्क भरते. लॉगरोटेटचा टायमर तासाचा करा.

प्रोग्राम सिस्टमडीवर (लिनक्समधल्या सेवा चालू ठेवणारी यंत्रणा) चालवत असाल तर सरळ स्टँडर्ड आउटपुटवर लिहा, तिचं जर्नल हे लॉग साठवतं आणि आकार सांभाळतं. फक्त व्हार-लॉग (/var/log) मध्ये 'जर्नल' नावाची डिरेक्टरी आहे ना, बघा. ती नसली तर बऱ्याच सिस्टमवर मूळ सेटिंगप्रमाणे जर्नल मेमरीतच राहतं आणि लाईट गेली की सगळं पुसलं जातं.

आणि इंटरनेटवरून उचललेलं 'रोटेट 7' (फक्त सात जुन्या फाईली ठेवा) तसंच ठेवू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी लॉग 180 दिवस ठेवायचे आहेत. जिनिंग कंपनी म्हणून नोंदलेली असेल तर रोजच्या रोटेशनला तो आकडा 180 च्या खाली नको.