मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवर मेरी मातेचं चित्र कसं काय?

कारण ती मुळात चर्चचीच घंटा आहे. वसईच्या पट्ट्यात पोर्तुगीजांची भरपूर चर्च होती, मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि तिथल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठे घेऊन आले, मग त्या ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा त्यातलीच, भीमाशंकरची पण.

मेणवलीची म्हणजे वाईजवळ कृष्णेच्या काठी नाना फडणवीसांचा वाडा आहे ना, त्याच्या मागच्या घाटावरची. गेलात तर नुसती घंटा वाजवून परत येऊ नका, जवळ जाऊन नीट बघा, बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते आणि १७०७ साल पण आहे, म्हणजे वसई पडली तेव्हा घंटा बत्तीस वर्षांची होती आणि नानांचा तर तेव्हा जन्मसुद्धा झाला नव्हता (त्यांचा १७४२ चा).

लुटीत घंटाच का? एक तर मान, चर्चची घंटा म्हणजे अख्ख्या गावाचा आवाज. दुसरं म्हणजे धातू, अशा घंटा काशाच्या असतात, तांब्यात साधारण पाचवा हिस्सा कथील, त्यामुळे नाद घुमत राहतो. त्या वितळवून तोफा ओतता आल्या असत्या, पण या राहिल्या. मला सगळ्यात भारी हे वाटतं की देवळात टांगताना कुणी मेरीचं चित्र खरवडून काढलं नाही.