गिरणी बिघडली, आणि दुकानदार म्हणतो ‘माल परत नाही’

प्रश्न : बार्शीच्या एका भगिनींनी घरी दळणाचा व्यवसाय करण्यासाठी पुण्यातून 62 हजार रुपयांची गिरणी घेतली. रोजचे दळण किती, हे दुकानदाराला आधीच सांगितले होते. तीन महिन्यांतच मोटर तापून बंद पडू लागली. गिरणी धंद्यासाठी आहे, ती वापरलेली आहे आणि ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे बिलावर छापले आहे, या कारणांनी दुकानदार पैसे नाकारतो.

उत्तर : 1930 च्या मालविक्री कायद्याचे कलम 16 आपल्या बाजूचे आहे. खरेदीचा हेतू सांगून विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला असेल, तर तो त्या कामास योग्य असावा ही अट करारात गृहीतच असते. मात्र, विशिष्ट कंपनीचे अमुक मॉडेल आपणच मागितले असेल, तर या कलमाचा आधार डळमळतो. तेव्हा दुकानातील बोलणे नीट आठवून लिहून ठेवावे.

वापराचा मुद्दा याच कायद्यापुरता वजनदार आहे. माल एकदा स्वीकारला की, करारात वेगळे ठरलेले नसल्यास, कलम 13 नुसार तो नाकारता येत नाही, केवळ नुकसानभरपाई मागता येते. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा येथे अधिक देतो : कलम 39 अन्वये ग्राहक आयोग (ग्राहकांच्या तक्रारींवर निवाडा देणारी यंत्रणा) दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा किंवा किंमत परत करण्याचा आदेश देऊ शकतो. कलम 100 प्रमाणे हा कायदा इतर कायद्यांना पूरक असल्याने, गुणवत्तेची कसोटी 1930 च्या कायद्यातून आणि उपाय 2019 च्या कायद्यातून मागण्यास अडचण नाही.

बिलावरच्या ओळीने घाबरू नये. पैसे घेतल्यावर हाती दिलेल्या कागदावरची ती ओळ आपण मान्य केली कधी, हाच पहिला प्रश्न आहे. शिवाय सदोष माल परत घेण्यास आणि मुदतीत पैसे देण्यास नकार देणे ही 2019 च्या कायद्याच्या कलम 2(47) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

खरी लढत ‘ग्राहक’ या व्याख्येवर होईल, कारण व्यापारी हेतूने वस्तू घेणारा 2019 च्या कायद्यात ‘ग्राहक’ ठरत नाही. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही, आणि एखाद्या मदतनिसामुळे हे संरक्षण जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स निकालात म्हटले आहे. गिरणी आपण स्वतः चालवता, हे तक्रारीत स्पष्ट लिहावे.

आधी लेखी नोटीस पाठवावी. तक्रार सोलापूरच्या जिल्हा आयोगात करता येईल, कारण आपण राहता तेथील आयोगालाही अधिकार आहे. रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही, आणि मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. तोवर दुसऱ्या मेकॅनिककडून मोटर उघडू देऊ नये, आयोगाला ती तपासणीस पाठवावी लागेल.