पहिला बेस: स्क्वायर की फेंडर?

लातूर-नांदेडकडच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा तुझा विचार पक्का असेल, तर पहिलं वाद्य स्क्वायरचंच घे. स्क्वायर हा फेंडर या गिटार कंपनीचाच ब्रँड, कमी किमतीच्या मॉडेलांसाठीचा. बेसच्या मॉडेलांपैकी प्रिसिजन घे की जॅझ, स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, दोन्हीकडे ३४ इंच. बोटांना लागलेलं वळण पुढे महागड्या फेंडरवरही जसंच्या तसं कामी येतं.

जादा पैसे जातात कुठे? पिकअप (तारांची कंपनं टिपणारा भाग), ब्रिज (खालच्या बाजूला तारा टेकतात तो भाग), सूर लावायच्या चाव्या आणि मुख्य म्हणजे फ्रेटची, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांची, सफाई. म्हणून दुकानात गेलास की नेकच्या, म्हणजे लांब दांडीच्या, कडेवरून तळहात सावकाश फिरव. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा. लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन टोचतात. थोडं टोचत असेल तर कारागीर घासून देतो. नेक पिळलेली असेल तर मात्र कितीही स्वस्त मिळू दे, घेऊ नको. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून बघ. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता हलकं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळले नाहीत तर घाबरू नको, बहुतेक वेळा ते ब्रिजच्या स्क्रूनं जुळवता येतं.

वाचलेल्या पैशात बेसचाच अँप घे. गिटारच्या छोट्या अँपवर जोरात वाजवलंस तर स्पीकर फाटू शकतो, आणि खालच्या ई तारेला वजनच येत नाही. नवीन तारा आणि चांगला सेटअप (तारांची उंची आणि सुरांची जुळवणी) केला की मंडपातल्या श्रोत्यांना फरक कळत नाही, हे मी ठामपणे सांगतो. कार्यक्रम नियमित मिळायला लागले की मेक्सिकोत बनलेला फेंडर बघ. अमेरिकन मॉडेलची घाई तेव्हाही नको.