आजीच्या आठवणीतलं गाव आणि लेकीचं शिक्षण

प्रश्न: माझी मुलगी भूगोल घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचं जुनं गाव उजनी धरणात गेलं. सुट्टी लागली की ती आजीजवळ बसून जुन्या गावच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड करते, कागदावर घरं, विहिरी मांडते. पुढं हेच काम करायचं म्हणते. तिचे वडील विचारतात, म्हाताऱ्यांच्या गप्पांवर पोट भरतं का? – एक आई, इंदापूर तालुका

ताई, नमस्कार.

आधी एक विनंती. रेकॉर्डिंग थांबवू नका. पुढच्या शिक्षणाचं वर्षभरानं ठरवलं तरी चालेल, पण आजींच्या बाबतीत वर्षाचा भरवसा धरता येत नाही. उजनी धरण १९८० साली पुरं झालं. बुडालेल्या पांढरीत, म्हणजे जुन्या गावठाणात, ज्या बायकांनी संसार मांडला, त्या आज सत्तरीच्या आसपास किंवा पुढं आहेत.

आता वडिलांचा प्रश्न. त्यांची काळजी रास्त आहे, पण म्हाताऱ्यांच्या बोलण्याला कायद्यातही जागा आहे हे त्यांना सांगा. जंगलात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणाऱ्या वनहक्क कायद्याच्या २००८च्या नियमांत दाव्यासाठी कोणते पुरावे चालतात ते दिलं आहे. सरकारी कागद आणि नकाशांच्या जोडीला दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदनही त्यात आहे. गुरं कुठं चरायची, देव कुठल्या झाडाखाली होता, मसणवटा कुठं होता, हे विचारून नकाशावर मांडणारी माणसं या कामासाठी हवी असतात. देवरायांचंही, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानांचंही तसंच. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. कुऱ्हाड का लावायची नाही, हे तिथं गावकऱ्यांच्याच तोंडून कळतं. आणि हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाहून जास्त आहेत. ज्या बायकांनी कधी पाटी हातात धरली नाही, त्यांचं सासर, माहेर, नदी, घाट सगळं त्यात आहे. मला स्वतःला हे काम फार मोलाचं वाटतं.

तरीही नुसतं ‘आठवणी गोळा करते’ म्हणून कोणी पगार देणार नाही. जोडीला एक पक्कं कौशल्य हवं. भूगोल आहेच, तर तिनं जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती मांडायचं तंत्र शिकावं. त्यासाठीचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, आजपासून सुरुवात करता येईल. बी.ए.नंतर भूगोलात एम.ए., पुणे विद्यापीठात मानवशास्त्र किंवा डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व, असे रस्ते आहेत. कामं वनहक्क आणि पाणलोटावर काम करणाऱ्या संस्थांत, संग्रहालयांत, संशोधन प्रकल्पांत मिळतात. बरीचशी प्रकल्पापुरती असतात आणि सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. म्हणून सोबत नेट-सेटची तयारी ठेवावी. प्राध्यापकी मिळाली तर हे काम आयुष्यभर करता येईल.

लेकीसाठी दोन शब्द. ‘गाव कसं होतं?’ असं विचारलंस तर ‘लई चांगलं होतं’ एवढंच हाती येईल. त्यापेक्षा विचार, ‘आजी, पाण्याला कुठल्या वाटेनं जायचीस? वाटेत पहिलं घर कुणाचं?’ पाय चालू लागले की आठवण आपोआप येते. आजी लग्न होऊन त्या गावात आली. तिच्या मनातल्या नकाशात पाणवठा, जातं, शेजारणीचा उंबरा असेल. आजोबांच्या वयाच्या माणसाला बांध, पाणंद, शीव आठवेल. दोन्ही घे, आणि जुळलं नाही तर खोडू नकोस. कुठल्या विहिरीवर कुणाला पाणी भरू देत नव्हते, हेही विचार. ते आजी आपणहून सांगणार नाही. ज्यांना तिथं मज्जाव होता त्यांच्या वस्तीत जाऊनही विचार, कारण त्यांचं गाव वेगळंच असतं.

साल कुणाला आठवत नाही. ‘बाहत्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?’, ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मूल केवढं होतं?’ असं विचारलं की काळ सापडतो. मग भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशा काढ आणि त्याच्याशी ताडून बघ. जमिनीचे, मोबदल्याचे वाद निघाले तर नावं बाहेर जाऊ देऊ नकोस. रेकॉर्डिंग कुणाला ऐकवायचं, हे आजीलाच ठरवू दे.

ताई, तुमच्याच तालुक्यातलं पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की उघडं पडतं. यंदा तसं झालं तर आजींना घेऊन तुमच्या गावाच्या बाजूच्या काठावर जा, लेकीच्या वडिलांनाही सोबत न्या. आजी बोट दाखवतील तिकडं मोबाइलवर जागेची खूण करून ठेवायला लेकीला सांगा.