सात ओढण्यांचा नाच बायबलमध्ये आहे का?

सलोमीच्या प्रसिद्ध नाचाच्या ‘डान्स ऑफ द सेव्हन व्हेल्स’ (veils) या नावाला मराठीत ‘सात बुरख्यांचं नृत्य’ म्हटलेलं चालेल का, आणि हे नाव बायबलमधलंच ना, असा प्रश्न आहे. दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते, कारण शब्दाची निवड त्यावरच ठरते.

बायबलमध्ये हे नाव नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या आणि मार्काच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात गोष्ट येते ती एवढीच: राजा हेरोदाच्या वाढदिवसाला त्याची बायको हेरोदिया हिची मुलगी नाचली, तो खूश होऊन ‘हवं ते माग’ म्हणाला, आणि आईनं शिकवल्याप्रमाणे तिनं बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर तबकात मागितलं. ओढण्या नाहीत, सात हा आकडा नाही, नाच कसा होता याबद्दल अवाक्षर नाही. मुलीचं नावसुद्धा नाही. हेरोदियेच्या मुलीचं ‘सलोमी’ हे नाव सापडतं ज्यू इतिहासकार योसेफसच्या ग्रंथात, पण तिथं नाच नाही. योहानाच्या मागे लोक होते, बंड होईल या धास्तीनं हेरोदानं त्याला माखेरसच्या किल्ल्यात मारवलं, असं योसेफस लिहितो.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मूळ ग्रीक शब्द. या मुलीला मार्क ‘कोरासिओन’ म्हणतो. हे लघुत्वदर्शक रूप आहे, आपल्या ‘पोर’ किंवा ‘छोकरी’च्या जवळचं. आदल्याच अध्यायात येशूनं उठवलेल्या याईराच्या मुलीसाठीही हाच शब्द आहे आणि तिचं वय तिथं 12 वर्षं दिलंय. नाचणारी नेमकी तेवढीच होती असं यातून सिद्ध होत नाही, पण मोहिनी घालणारी पूर्ण वाढलेली स्त्री या शब्दात मला तरी दिसत नाही. ती पुढच्या चित्रकारांनी आणि लेखकांनी घडवली, आणि त्यात आईच्या सुडासाठी (योहानानं तिच्या हेरोदाशी झालेल्या लग्नाला दोष दिला होता) वापरली गेलेली पोर पार झाकली गेली.

सात ओढण्या आणल्या आयरिश लेखक ऑस्कर वाइल्डनं. त्याचं ‘सालोमे’ (सलोमीचंच फ्रेंच रूप) हे फ्रेंचमध्ये लिहिलेलं नाटक 1893 मध्ये छापून आलं. त्यात या नाचाची रंगसूचना एका ओळीची आहे: सालोमे सात ओढण्यांचा नाच नाचते. वर्णन काही नाही. त्या ओळीला जर्मन संगीतकार रिखार्ड श्ट्राउसनं 1905 च्या आपल्या ऑपेरात नऊएक मिनिटांचं संगीत दिलं. ड्रेस्डेनच्या पहिल्या प्रयोगात मुख्य गायिकेनं हा नाच करायला नकार दिला, म्हणून तेवढ्यापुरती दुसरी नर्तकी उभी करावी लागली.

हा नाच बाबिलोनच्या इश्तार देवीपासून आला, असंही ठामपणे सांगितलं जातं. इश्तार पाताळाच्या सात दारांतून जाते आणि प्रत्येक दारात तिच्या अंगावरचं काहीतरी उतरवून घेतलं जातं, हे खरं. पण ते मुकुट, कर्णभूषणं, कंबरपट्टा असं असतं. ओढण्या नाहीत आणि नाचही नाही. सात आकड्याचं साम्य लक्षवेधी आहे, पण तेवढ्यावरून वंशावळ जोडता येत नाही.

आता मराठी शब्द. ‘बुरखा’ मी वापरणार नाही. त्यानं डोळ्यांपुढे एक वेगळाच, आजचा पोशाख येतो. ‘अवगुंठन’ देखणा शब्द आहे, पण तो चेहऱ्यापुरता. वाइल्डच्या मूळ फ्रेंच ‘व्वाल’ (voile) या शब्दामध्ये झिरझिरीत वस्त्राचा अर्थ आहे, त्याला ‘ओढणी’ सर्वांत जवळची. नाटकाबद्दल किंवा ऑपेराबद्दल लिहिताना ‘सात ओढण्यांचा नाच’ म्हणा. बायबलमधल्या प्रसंगाबद्दल लिहिताना मात्र ‘हेरोदियेच्या मुलीचा नाच’ एवढंच लिहा.