आँट जेमायमाचा चेहरा काढला होता ना, मग नावही का बदललं?

आँट जेमायमा हा अमेरिकेतला पॅनकेकच्या पिठाचा जुना ब्रँड, पाकिटावर हसतमुख काळ्या बाईचं चित्र असलेला. नुसतं ते चित्र काढून भागलं नसतं का, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते नसतं भागलं. पाकिटावरचं चित्र हाताने झाका आणि फक्त नाव वाचा. तीच बाई डोळ्यांपुढे येत असेल, तर चित्र काढून उपयोग नाही.

मिझुरीतल्या सेंट जोसेफच्या एका गिरणीने १८८९ मध्ये पॅनकेकचं तयार पीठ काढलं आणि नाव उचललं मिन्स्ट्रेल खेळातल्या गाण्यावरून. या खेळांत गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्या लोकांची टिंगल करत. अमेरिकेच्या दक्षिणेकडे गोरी मंडळी वयस्कर काळ्या माणसांना मिस्टर-मिसेस लावायची नाहीत, आँट किंवा अंकल म्हणून मोकळी व्हायची. अंकल बेन्स तांदळाचं २०२० मध्ये बेन्स ओरिजिनल झालं ते यामुळेच.

चेहरा सुधारून पाहिला नव्हता असंही नाही. १९८९ मध्ये ब्रँडची मालक कंपनी क्वेकर ओट्सने चित्रातल्या बाईच्या डोक्याचं फडकं काढलं, कानात मोती घातले, लेसची कॉलर दिली. बाई नीटनेटकी झाली, पण गोऱ्यांच्या घरची हसतमुख स्वयंपाकीण हे सोंग नावातच होतं, ते तसंच राहिलं.

लँड ओ'लेक्स लोण्याचं उलट. मिनेसोटातल्या या सहकारी संस्थेने २०२० मध्ये पाकिटावरची मूलनिवासी तरुणी काढली, तळं आणि झाडं ठेवली. नावात ती नव्हतीच, त्यामुळे नावाला हात लावावा लागला नाही. वाद मात्र तिथेही झाला. १९५० च्या दशकात ते चित्र नव्याने काढणारे पॅट्रिक देजार्ले स्वतः ओजिब्वे या मूलनिवासी जमातीचे होते आणि ते चित्र अपमानकारक नव्हतंच, असं त्यांच्या मुलाने जाहीरपणे लिहिलं.

धंद्याच्या बाजूने दोन्ही बदलांत मोठा फरक पडतो. चित्र बदललं तर नवं डिझाइन छापून भागतं, बारकोड तोच चालतो. मुख्य ब्रँडनाव बदललं की जीएस१ या बारकोडचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक आकाराला, प्रत्येक चवीला नवा क्रमांक लागतो. दुकानांच्या बिलिंगमध्ये सगळ्या नोंदी नव्याने कराव्या लागतात, जुना-नवा माल काही दिवस शेजारी राहतो आणि गिऱ्हाईक रोजचं पाकीट शोधत बसतं. म्हणूनच क्वेकरची मालक कंपनी पेप्सिकोने जून २०२० मध्ये आँट जेमायमा हे नाव बदलण्याची घोषणा केली तरी पर्ल मिलिंग कंपनी हे नाव फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर झालं आणि नवी खोकी जूनमध्ये आली. लाल-पिवळा रंग मुद्दाम राखला, जुन्या नावाचा उल्लेखही सुरुवातीला खोक्यावर होता.

यात कायद्याची एक गोम आहे. अमेरिकेत ट्रेडमार्क सलग ३ वर्षं वापरला नाही तर तो सोडून दिला असं धरता येतं. मग तेच नाव दुसरं कोणीही, हवं तर जुन्या चित्रासकट, उचलू शकतं. त्यामुळे नको असलेलं नावही थोडंफार वापरात ठेवणं कंपनीच्या सोयीचं असतं.

माझा आक्षेप वेगळा आहे. नवं नाव त्या मूळ गिरणीचं, चित्रही गिरणीचं. ज्या बायकांनी जाहिरातीसाठी आँट जेमायमाची भूमिका केली त्या पार गायब, आणि त्यांच्यातल्या काहींच्या वंशजांनी यालाच विरोध केला होता. पहिली होती नॅन्सी ग्रीन, केंटकीत गुलामीत जन्मलेली, १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात पॅनकेक भाजणारी. १९२३ मध्ये ती गेली. तिच्या थडग्यावर दगड बसला २०२० मध्ये. खोक्याच्या मागच्या बाजूला पाककृतीशेजारी तिच्याबद्दल चार ओळी सहज मावल्या असत्या.